राजन्नाच्या घरचा माणूस

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतंच असं नाही, हे मला एवढ्या वर्षांत चांगलं कळलं आहे. शिवाय जे सांगणार आहे ते धड माझंही नाही. ते माझ्या बाचं आणि नदीपलीकडच्या राजन्नामामांचं आहे. मी फक्त एका उन्हाळ्यात त्या दोघांच्या मधे बसलो होतो. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

झालं असं, की परवा चंद्रपुरात आमच्या अभ्यासिकेसमोरच्या रस्त्यावर डांबर टाकायला सुरुवात झाली. मे महिन्याची दुपार. कूलरमधलं पाणी संपलेलं, पंखा गरम वारा फेकत होता. खिडकीतून वास आत आला तशा पोरींनी ओढण्या नाकाला लावल्या, शेजारच्या पोरानं खिडकी आपटून बंद केली. मला मात्र भूक लागली. खरोखरची भूक. डांबराच्या वासानं कुणाला भूक लागते का, असं कोणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. पण गरम डांबराचा वास आणि मायनं वाळूत आणलेल्या भाताचा, अंबाडीच्या भाजीचा वास माझ्या डोक्यात कधीचे एक होऊन बसले आहेत. पुस्तक उघडं ठेवून मी बराच वेळ तसाच बसलो. राज्यघटनेचं पान होतं समोर. वाटलं, आता नदीवर डोंगे वर ओढले असतील.

आमचं गाव अहेरी तालुक्यात, प्राणहितेच्या काठावर. आम्ही ढीवर. मासे, डोंगा आणि उन्हाळ्यात वाळूतली डांगरवाडी, म्हणजे टरबुजांची वाडी, एवढंच आमच्याकडे पिढ्यांपासून. उन्हाळ्यात नदी इतकी कडेला सरकते की पलीकडच्या तेलंगणात माणूस चप्पल हातात घेऊन चालत जातो. पाणी चढलं की तोच काठ इतका लांब जातो की तिथं उभा असलेला माणूस बोटाच्या पेराएवढा दिसतो. पूल आहे, पण बराच खाली. पुलावरून जायचं तर दिवस मोडतो. म्हणून डोंगा लागतो.

नुसती माणसं असतील तर एक डोंगा पुरे. पण मोटरसायकल न्यायची, खताची पोती न्यायची, बकऱ्या न्यायच्या, तर दोन डोंगे शेजारी लावून वर आडव्या बल्ल्या बांधाव्या लागतात आणि बल्ल्यांवर फळ्या टाकाव्या लागतात. त्याला आम्ही जोडी म्हणतो. आमच्या जोडीतला एक डोंगा बाचा, दुसरा राजन्नामामांचा. बा या काठचा, मामा त्या काठचे. एका टोकाला बा बांबू घेऊन उभा राहायचा, दुसऱ्या टोकाला मामा. बा झाडीबोलीत बोलायचा, मामा तेलुगूत सुरू करून मराठीत संपवायचे, आणि मधे बसलेली माणसं दोघांच्या भांडणाला हसत पार व्हायची. भांडण म्हणजे, बांबू आधी कोणी उचलला आणि जोर कोणाचा कमी पडला, एवढंच. मामा बाला तम्मी म्हणायचे. तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. बाचं खरं नाव त्या काठावर कोणाला माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

तेंदूपत्त्याच्या हंगामात दोन्ही डोंगे एकाच काठावर ओढले जातात, एक साल आमच्या, एक साल त्यांच्या. तिथं ते उलटे घालतात. जुनं डांबर खरवडतात. सडलेली फळी काढून नवी बसवतात, फटींत अंबाडीचे धागे ठोकून भरतात आणि वरून गरम डांबराचा हात देतात. एवढं तर जिथं जिथं डोंगे आहेत तिथं होत असेल. पण आमच्या जोडीत एक रीत आहे, ती मी दुसरीकडे ऐकली नाही. ज्याचा डोंगा, त्यानं तो पास करायचा नाही. बाचा डोंगा मामांनी पाहायचा, मामांचा बाने. पाहायला बसतो तो त्या दिवसांपुरता पाहुणा. त्याला आधी जेवायला वाढायचं, आणि तो ज्या फळीवर हात ठेवील ती फळी काढायची. वाद घालायचा नाही.

लहानपणी मी बाला विचारलं होतं, असं का म्हणून.

"दोन डोंगे बांधले का मंग एकाले भोक पडलं तं दुसराबी जाते," बा म्हणाला. "जो बुडनार हाय त्यानं पाहाव. आपल्याच डोंग्यावर आपला जीव बसला राह्यते. खराब फळीबी चांगली दिसते."

मामांची पाहायची पद्धत मला अजून दिसते. उलट्या डोंग्याच्या बुडाशी ते उकिडवे बसायचे, बोटाच्या पेरांनी फळी वाजवायचे, कान लावायचे. हातात बाभळीचा लांब काटा. शंका आली की तो टोचायचे. काटा टोकावरच अडला तर पुढची फळी. आत गेला, तर मान वर न करता म्हणायचे, "तम्मी, हे लाकूड हाय का भाकर?"

बा चिडायचा. "भाकर तं भाकर. देऊ का तोडून?"

"दे, दे. सोबत कांदा दे."

मग दोघं हसायचे आणि फळी निघायची. पुढच्या दिवशी बा मामांच्या डोंग्याशी जाऊन आदल्या दिवसाचा सूड घ्यायचा.

ज्या उन्हाळ्याचं मी सांगतोय, तेव्हा पाळी आमच्या काठाची होती. मी चंद्रपूरला पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलो होतो. मामांनी होळी झाल्यावरच आपला डोंगा आणून आमच्या वाळूत लावला होता. तेव्हाच त्यांचा चेहरा उतरला होता म्हणे. बोलताना एक हात पोटावर ठेवायचे. मायनं विचारलं तर म्हणाले, "मिरची जास्त झाली, बाई." नंतर कळलं, त्यांना दूर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं आहे. पोसक्कामामी सोबत गेल्या. त्या दोघांना मूल नव्हतं. दवाखान्यात सोबत राहायला दुसरं कोणी नव्हतं.

काठावरच्या करंजाच्या सावलीत दोन्ही डोंगे उलटे पडले होते. गावचे वाढई सुखदेवभाऊ वाकस, पटाशी, गिरमिट असं सगळं एका पोत्यात घालून आले. डोंग्यांभोवती एक चक्कर मारली आणि पोत्यावरच बसले.

"पाव्हना कुठी हाय?"

"येते," बा म्हणाला.

"पाव्हन्याबिगर मी हत्यार काढत नाई गा. उद्या पानी आत आलं तं राजन्ना मलेच धरल."

"म्हटलं ना, येते."

पण ते येणार नाहीत हे बालाही दिसत होतं. माय आणि बा पहाटेच तेंदू तोडायला जंगलात जायचे. उन्हं चढल्यावर डोक्यावर बोजे घेऊन परत यायचे आणि दुपारभर पानांचे पुडे बांधत बसायचे. मायची बोटं त्या दिवसांत पानांच्या रसानं काळी झालेली असत, कितीही राख लावली तरी निघत नसत. पुडे संध्याकाळी फडीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं, नेऊन दिले की बा घरी यायच्या ऐवजी शाळेमागच्या टेकाडावर जायचा. गावात फोनची रेंज फक्त तिथं मिळते. तिथं तो हात कमरेवर ठेवून उभा राहायचा. समोर नदीची पांढरी वाळू, पलीकडे मामांच्या गावची ताडाची झाडं. त्याला फोन करायला आवडत नाही. त्यानं लावला आणि कोणी उचलला नाही तर त्याला ते लागतं. म्हणून तो नुसता वाट पाहायचा.

एका संध्याकाळी मामांचा फोन आला. मीही सोबत होतो. बा बोलला ते सगळं नेहमीसारखंच होतं, पाणी किती आहे, डांगर किती धरलं, सुखदेव बसून राह्यला आहे. तिकडून काही बोलणं झालं. मग बाने फोन माझ्याकडे दिला.

"एम रा, कॉलेजवाला," मामा म्हणाले. एम रा म्हणजे काय रे. आवाज बारीक झाला होता.

"मामा, तब्येत कशी आहे?"

"ते डॉक्टरले मालूम. तू ऐक. या साली माझ्या घरचा मानूस तू. तुझ्या बाचा डोंगा तू पाहाचा."

"मामा, पण मी तं याच घरचा."

"डोंगा उलटा हाय तोपर्यंत नाई," ते म्हणाले. मग दम घेतला. "काटा बाभळीचा घे. बोरीचा वाकते."

टेकाड उतरताना बा पुढे चालत होता. खाली बोरवेलपाशी थांबला, मागे वळला, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला हसावं की घाबरावं कळेना.

"चाला मंग, पाव्हने," बा म्हणाला.

त्या दिवसापासून मी माझ्याच गावात पाहुणा झालो. पहाटे माय-बा जंगलात गेले की मी करंजाखाली जाऊन बसायचो. सुखदेवभाऊ यायचे. वाकसाचा आवाज सुरू व्हायचा, टक्, टक्, आणि प्रत्येक घावाला पलीकडच्या काठावरून तसाच एक परत यायचा, जणू तिकडेही कोणी डोंगा दुरुस्त करत आहे. लाकडाच्या सालपटांना लालसर, गोड वास असतो. तीन दगडांवर डांबराचा डबा ठेवलेला, त्याखाली पळसाच्या काटक्या. डांबर आधी सुस्त पडून असतं, मग एक बुडबुडा वर येतो, फुटतो, मग दुसरा. वाळू इतकी तापायची की डोंग्यापासून पाण्यापर्यंत जायचं तर पळत जावं लागायचं. दुपारी डांगरवाडीतून एखादं टरबूज आणायचो आणि गुडघ्यावर आपटून फोडायचो. आत कोमट असायचं, तरी गोड.

मला काय करायचं आहे हे मला नीट कळत नव्हतं. मी मामांसारखा उकिडवा बसायचो, मामांसारखं वाजवायचो. वाजवल्यावर काय ऐकायचं असतं ते कोणी सांगितलं नव्हतं. सुखदेवभाऊ बाजूला बिडी पेटवून गंमत पाहायचे.

"का गा पाव्हने, डोंगा काय म्हनते?"

"काही नाही म्हणत."

"मंग बरा हाय. आमची बायको काही नाई म्हनत तवा मले भेव लागते."

माय दुपारी जेवण घेऊन यायची, आणि मला आधी वाढायची. हे मला फार जड जायचं. पहाटेपासून तेंदू तोडून आलेला बा समोर बसलेला, त्याच्या ताटात काही नाही, आणि माझ्या ताटात भात, भाजी, एखाद्या दिवशी उकडलेलं अंडं. मी म्हटलं, बाला आधी दे. माय म्हणाली, "तू उगामुगा जेव. राजन्नाभाऊ असता तं त्यालेच वाढलं असतं ना."

सुखदेवभाऊ म्हणाले, "मिशा नाई फुटल्या बरोबर, अन अंडं पयले पाव्हन्याले."

सगळे हसले. बाही हसला. पण मी पहिला घास घेईपर्यंत तो खरंच थांबायचा. ताटावर हात ठेवून, नदीकडे पाहत थांबायचा. आपल्या बापाला आपण जेवायला सुरुवात करण्याची वाट पाहताना पाहणं, ते कसं असतं मला सांगता येत नाही. ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल.

आता इथं अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसतो तो पोरगा बल्लारपूरचा आहे, रोज मोटरसायकलवर येतो. आम्ही एकमेकांचे सराव पेपर तपासतो. तो माझी उत्तरं फार कडक तपासतो, आणि मी त्याची. पहिल्यांदा त्यानं माझ्या एका पानावर आडवी रेघ मारली तेव्हा मला राग आला होता. ते पान मला आवडत होतं. मग मी ते पुन्हा वाचलं. माझा जीव त्यावर बसला होता एवढंच. मी त्याला करंजाखालचं काही सांगितलं नाही. फक्त पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं.

त्या उन्हाळ्यात करंजाखाली एका दुपारी सुखदेवभाऊ जेवून आडवे झाले होते. माय-बा पुडे बांधायला घरी गेले होते. मी नुसताच काटा घेऊन आमच्या डोंग्याच्या शेपटाकडे बसलो होतो. तिथं वल्ह्याला रेटा द्यायचा भाग असतो, फळी रुंद असते. वरून ती चांगली दिसत होती, जुनं डांबर जाऊन खालचं सागाचं लाकूड नीट दिसत होतं. मी काटा टेकवला आणि तो आत गेला. आवाज झाला नाही. ताकदही लागली नाही. अर्धं बोट आत. बाहेर काढला तेव्हा टोकाला काळपट भुकटी होती आणि तिला तळ्यातल्या चिखलासारखा वास होता. बाजूला टोचला, तिथंही गेला. खिळ्याच्या आजूबाजूची सगळी जागा आतून गेली होती.

मी आजूबाजूला पाहिलं. सुखदेवभाऊ घोरत होते. डांबराचा डबा जवळच होता, कोमट. एक बोट फिरवलं असतं तर ती भोकं कुणाला दिसली नसती. हे मनात आलं हे मी लपवत नाही. कारण मला माहीत होतं की एवढी रुंद सागाची फळी आणायची कुठून हा प्रश्न आहे, आणि तेंदू तोडताना बाच्या पायांना जंगलातल्या काट्यांनी किती चिरा पडल्या आहेत. आणि मी इथलाच तर होतो. मामा तर इथं नव्हतेच.

बा संध्याकाळी आला तेव्हा मी म्हटलं, "बा, शेपटाकडची फळी काढावी लागेल."

"ते? ते वरवरचं हाय. गेल्या साली राजन्नानंच पाह्यली व्हती."

"काटा आत गेला."

"किती?"

मी बोटावर दाखवलं. बा खाली बसला, फळीवरून हात फिरवला, बकरीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणाला, "एक साल निघते. सुखदेव, डांबराचे दोन हात जादा मार."

सुखदेवभाऊंनी बाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ते आपल्या पटाशीची धार पाहत राहिले. मी पुढे झालो आणि फळीवर हात ठेवला.

"हात उचल," बा म्हणाला.

मी उचलला नाही.

"उचल म्हटलं ना बे. तुले मालूम हाय का, सागाची फळी कोन देते? वनखात्याचा मानूस देते का तुया मामा देते? मिरगाले किती दिस उरले? शिकून आला तं बापाच्या डोंग्याले भोकं दाखवाले आला का?"

मी म्हटलं, "मग मामांना काय सांगू?"

बा उठला आणि घराकडे निघून गेला. सुखदेवभाऊंनी बिडी पेटवली. मला वाटलं, झालं, आता सगळं मोडलं. रीत, जोडी, सगळं. नदीवर संध्याकाळ उतरत होती, बगळे ओळीनं पलीकडे चालले होते, आणि मी तसाच फळीवर हात ठेवून बसलो होतो, जणू उचलला तर ती फळी पुन्हा चांगली होईल.

थोड्या वेळानं घराकडून ठोकल्याचे आवाज आले. मग बा येताना दिसला. खांद्यावर बकऱ्यांच्या कोठ्याचं कवाड होतं. आजोबांच्या वेळचं, सागाचं, जाड. ते त्यानं वाळूत टाकलं.

"घ्या," बा म्हणाला. "तुमच्या मामाले सांगा, आता बकऱ्या उघड्या निजतील."

सुखदेवभाऊ हसले. बा हसला नाही. त्या रात्री तो माझ्याशी बोलला नाही. पण जेवताना मायनं मला आधी वाढलं आणि बा ताटावर हात ठेवून थांबला. मी पहिला घास घेतला, मग त्यानं घेतला.

मामांना मी ते सगळं सांगितलं. टेकाडावर उभा राहून. तेव्हा ते जास्त बोलू शकत नव्हते. पोसक्कामामी फोन त्यांच्या कानाला धरून उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या ते ऐकू येत होतं.

"बाले राग आला?" मामांनी विचारलं.

"आला."

"किती?"

"रात्रभर बोलला नाही."

मामा म्हणाले, "मंचिदी." म्हणजे, चांगलं. आणि थोड्या वेळानं, "मग बरोबर पाह्यलं तू."

मी विचारलं, मामा, तुम्ही कधी येणार? बा वाट पाहतो. त्याचं उत्तर मामींनी दिलं. डॉक्टर उद्या सांगणार. मामींचा डॉक्टर त्या महिन्यात रोज उद्या सांगणार होता.

बाने मामांचा डोंगा स्वतः पाहिला. इतका बारीक त्यानं कधी पाहिला नसेल. दोन फळ्या काढायला लावल्या, एक तर चांगली होती असं सुखदेवभाऊ म्हणत होते. मग दोन्ही डोंगे सरळ केले, पाण्यापर्यंत रेटत नेले आणि आत पाणी भरून काठाला बुडवून ठेवले. नवी फळी पाण्यात फुगते, फट आपोआप दाबून धरते. वरून पाहिलं की हिरव्या पाण्याखाली दोन डोंगे शेजारी शेजारी निजल्यासारखे दिसायचे. मधे बल्ल्या नाहीत, दोरी नाही. छोटे मासे आत जायचे, बाहेर यायचे.

आकाशात ढग जमायला लागले तसे लोक बाकडे यायला लागले. जोडी कधी लागते? बियाणं आणायचं आहे, पोरीला सासरी पोचवायचं आहे. राजन्ना नाही तर दुसरा माणूस उभा कर की. गावातल्या दोन गड्यांनी तर हात वरही केला. दोघंही पाण्यातले पक्के, जोरदार.

बाने दोघांनाही नाही म्हटलं.

"जोडी राजन्नाची अन माई हाय," बा म्हणाला. "त्याच्या बाजूले त्याच्या घरचं मानूस पाह्यजे. नाई तं डोंगे बुडले राहू दे तसेच."

"अन तो नाईच आला तं?"

मायनं मला घरात एकटं गाठून म्हटलं, तू तरी समजव. मी काय समजावणार होतो. जोडी लागली नाही तर आमचा पावसाळा कसा जाईल हे मला कळत होतं. पण बाला दुसरा माणूस उभा करायला सांगणं म्हणजे मामा येणार नाहीत असं त्याच्या तोंडावर म्हणणं होतं. ते मला जमलं नाही. मी मामांच्या जागी पाहू शकत होतो, उभा राहू शकत नव्हतो. बांबू धरायला जेवढं अंग लागतं तेवढं माझं नाही. आणि माझं कॉलेज सुरू होत होतं.

मी निघालो तेव्हा डोंगे अजून पाण्याखालीच होते. बा मला बसपर्यंत सोडायला आला. डोंगा सरळ झाल्यापासून त्यानं मला पाव्हने म्हटलं नव्हतं. बस आली तेव्हा म्हणाला, "जाजो. अभ्यास करजो." एवढंच.

चंद्रपूरला आल्यावर पाऊस सुरू झाला. दक्षिणेकडे जोराचा आहे असं वसतिगृहात पोरं सांगत होती. मी रोज फोन लावत होतो. नंबर लागत नव्हता. वादळात टेकाडाकडे येणारी रेंजच गेली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, बाने फोन बंद करून ठेवला आहे, बातमी यायला नको म्हणून. वर्गात बसलो असताना मला सारखे ते दोन डोंगे दिसायचे, वर पाणी चढत चाललेलं, आणि कोणी त्यांना बाहेर काढत नाही.

मग एका सकाळी फोन वाजला. मी मेसच्या रांगेत होतो. बा होता. बाने स्वतःहून मला केलेला तो पहिला फोन. मागे वारा होता.

"ऐकू येते का?"

"येते, बा."

"राजन्ना गेला."

मी रांगेतून बाहेर आलो आणि भिंतीला टेकलो. बा थांबून थांबून सांगत होता, जसं काही प्रत्येक वाक्य त्याला लांबून आणावं लागत होतं. मामांना घरी आणलं होतं. घरीच गेले. नदी तोवर भरली होती. या काठावर कोणाला कळलं नाही. तेरवीच्या दिवशी सकाळी पोसक्कामामी एका मासेवाल्याच्या लहान डोंग्यातून आल्या. बाच्या दारात आल्या आणि बसल्याही नाहीत. म्हणाल्या, जोडी बांध. तुझ्या गावाला जेवायला न्यायचं आहे.

"मी म्हटलं, बाई, त्याच्या बाजूले कोन उभा राह्यल?"

"मग?"

"मंग काय. डोंगे काढले आमी. बल्ल्या बांधल्या. तिनं पदर खोसला अन बांबू उचलला."

आमच्याकडे बाई डोंग्याचा बांबू धरत नाही. मी तसं काही बोललो नाही, पण बाला कळलं असावं.

"लोकं बोल्ले," बा म्हणाला. "मी म्हटलं, त्याच्या घरचं मानूस हाय. ज्याले बसाचं त्यानं बसा."

"बसले?"

"समदे बसले."

"पाणी किती होतं?"

"मधात बांबू टेकत नव्हता. वल्ह्यावर न्यावं लागलं. मी हाक देऊन राह्यलो, अन ते बराबर मारून राह्यली. कुठी शिकली मालूम नाई."

मी फोन कानाला घट्ट धरून होतो.

"काठ लागला," तो म्हणाला. "लोकं उतरले. तिनं वल्हं आडवं ठेवलं, दोरी बांधली. मंग रडली."